पाणकणसात दडलेला जांभळा बगळा : कुठे शोधावा, कसा पाहावा

भिगवणहून किंवा नांदूर मधमेश्वरहून हिवाळ्यात परतलेल्या माणसाला काय काय पाहिले असे विचारले, तर रोहित, चक्रवाक, थापट्या, चित्रबलाक अशी नावे पटापट येतात. जांभळा बगळा त्यात फार कमी वेळा असतो. तो तिथे नव्हता असे मात्र नाही. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जवळजवळ तीन फूट लांबीचा हा पक्षी बाराही महिने आपल्याकडे राहतो. तरी तो नजरेतून सुटतो, कारण पाहणाऱ्यांची नजर मोकळ्या पाण्यावर असते आणि हा उभा असतो काठच्या गवतात.

म्हणून जांभळा बगळा शोधायचा, तर आधी त्याचे गवत शोधावे. पाणकणीस, देवनळ आणि लव्हाळ्याची दाट वाढ जिथे उथळ पाण्याला भिडते, ती कड वाचता आली की पक्षी सापडतो. ती कड नाहीशी झाली, तर तळे काठोकाठ भरलेले असले तरी हा पक्षी तिथे टिकत नाही. त्याला पाहण्याची आणि त्याला राखण्याची वाट अशी एकच आहे.

रंगरूप

नावावर विसंबून जांभळ्या रंगाचा पक्षी शोधायला गेलात, तर निराशा होईल. दुरून तो काळपट दिसतो. ऊन तुमच्या पाठीमागून येत असेल, तर खरे रंग उमटतात. पाठ आणि पंख पाटीच्या रंगाचे, गडद करडे असतात आणि त्यांवर किंचित निळसर-जांभळी झाक असते. मान तांबूस, खांद्यापाशी विटकरी पट्टा, पोटाकडचा भाग काळपट. माथा काळा असून त्यावरून दोन बारीक काळी पिसे मागे लोंबतात. चोच लांब, अणकुचीदार आणि पिवळसर. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात.

दोन गोष्टींकडे मुद्दाम लक्ष द्या. पहिली म्हणजे मान. ती विलक्षण लांब आणि बारीक असते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी काळी रेघ खालपर्यंत उतरते. मोकळ्या जागी या रेघा ठळक दिसतात. गवतात मात्र त्याच रेघा मानेची कड मोडून टाकतात आणि मान वाळलेल्या पाणकणसाच्या पातीसारखी दिसू लागते. धोका वाटला की हा पक्षी कधी कधी मान ताणून, चोच आभाळाकडे करून निश्चल उभा राहतो. अशा वेळी तो कुठे आहे हे ठाऊक असूनही डोळ्यांना सापडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पायाची बोटे. ती फार लांब असतात, मागचे बोटही. या बोटांमुळे पक्ष्याचे वजन पसरते आणि आडव्या पडलेल्या पाणकणसावर, कमळाच्या पानांवर किंवा जलपर्णीच्या तरंगत्या थरावर त्याला चालता येते. एवढ्या आकाराच्या मानाने तो हलकाही असतो. त्याचे वजन साधारण अर्धा ते सव्वा किलो भरते.

गोंधळ कुठे होतो

सर्वांत जास्त गोंधळ राखी बगळ्याशी होतो. दोघांची ठेवण सारखी, पण राखी बगळा मोठा आणि धिप्पाड असतो. त्याची लांबी ९० सेंटिमीटरच्या पुढे जाते, तर जांभळा बगळा बहुधा ८० ते ९० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. राखी बगळ्याची मान फिकट, कपाळ पांढरे आणि डोळ्यावरून मागे जाणारा पट्टा काळा. त्याच्या अंगावर तांबूस रंग नसतो. तो खुशाल उघड्या चिखलावर, बांधावर किंवा पाण्यातल्या खडकावर उभा असतो. जांभळा बगळा फार वेळ उघड्यावर थांबत नाही. म्हणजे पक्षी कुठे उभा आहे, यावरूनच ओळखीची सुरुवात होते.

वर्षभराच्या आतल्या पिलांनी पुष्कळजण चकतात. जांभळ्या बगळ्याचे पिलू पिवळसर तपकिरी असते. मानेवरच्या रेघा अस्पष्ट, माथ्यावरची लांब पिसे नाहीत. राखी बगळ्याचे पिलू राखाडीच असते. त्यामुळे लांब मानेचा मोठा बगळा अंगाने तपकिरी दिसला, तर तो जांभळ्या बगळ्याचा तरुण पक्षी असण्याची शक्यता मोठी.

वंचक, ज्याला अनेक ठिकाणी ढोकरी म्हणतात, तोही तपकिरी आणि गवतात उभा राहणारा. पण तो जांभळ्या बगळ्याच्या निम्म्या लांबीचा असतो आणि उडाला की पांढरेशुभ्र पंख उघडतात. रातबगळ्याची पिलेही तपकिरी असतात, पण ती ठिपकेदार आणि आखूड मानेची.

उडताना ओळख

गवतातला पक्षी बऱ्याचदा उडाल्यावरच प्रथम दिसतो. उडताना बगळे मान आखडून घेतात. करकोचे आणि क्रौंच ती बहुधा ताठ पुढे ताणतात. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका वेगळ्या बांधणीचा असतो, त्यामुळे तिला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक येतो. जांभळ्या बगळ्यात हा बाक जास्त खोल आणि कोनदार दिसतो, राखी बगळ्यात तो गोलसर असतो.

मग शेपटीमागे पाहा. जांभळ्या बगळ्याचे लांब पाय आणि पसरलेली बोटे स्पष्ट दिसतात, मागचे बोट वर उचललेले असते. पंख राखी बगळ्याहून अरुंद असतात आणि खालच्या बाजूने, पुढच्या कडेला तांबूस रंग असतो. उडताना तो घोगरा, एकाक्षरी आवाज काढतो. राखी बगळ्याचा आवाजही तसाच, पण अधिक भारदस्त.

कुठे शोधावा

दाट उभे गवत आणि त्याला लागून वीतभर खोलीचे पाणी, ही त्याची पहिली गरज. गवत दडण्यासाठी आणि घरट्यासाठी, उथळ पाणी शिकारीसाठी. नुसते खोल पाणी किंवा नुसते कोरडे गवत त्याच्या उपयोगाचे नाही.

नांदूर मधमेश्वर हे याचे चांगले उदाहरण. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. पाण्याबरोबर आलेला गाळ मागे साठत गेला. साठवणीच्या हिशेबाने तो तोटा होता, पण त्या गाळानेच उथळ पाणी, बेटे आणि पाणकणसाची रांगच्या रांग तयार केली. २०१९ मध्ये रामसर यादीत आलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. वरून गवताच्या आतल्या मोकळ्या जागा दिसतात, म्हणून या पक्ष्यासाठी मनोरा फार उपयोगी.

उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवण आणि कुंभारगावच्या बाजूला, पाणी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मागे हटत जाते. पाण्याची कड सरकते तसा पक्षीही सरकतो. डिसेंबरात जिथे दिसला, तिथेच एप्रिलमध्ये शोधू नका. पाणी आज कोणत्या गवताला टेकले आहे, ते नावाड्याला विचारा. गोव्यात करमळीच्या तळ्यासारख्या, वनस्पतींनी भरलेल्या तळ्यांत त्याचा शोध घ्या.

मात्र या नामवंत जागांपुरते थांबू नका. पाझर तलाव, कालव्याच्या गळतीवर वाढलेले पाणकणसाचे डबके, भातखाचरालगतची दलदल, जुने गावतळे, अशा ठिकाणीही एखादा जांभळा बगळा मुक्काम करून असतो. शिकारीला तो एकटाच फिरतो, त्यामुळे लहान जागाही त्याला पुरते.

जागेवर पोहोचलात की गवताच्या कडेत तीन प्रकारच्या जागा हेरा : गवताच्या भिंतीत आत शिरलेली पाण्याची गल्ली, दोन गवतांच्या मधला शांत कोपरा आणि जुने गवत आडवे पडून झालेला मंच. बगळा बहुधा यांपैकी एखाद्या ठिकाणी असतो.

केव्हा आणि कसा पाहावा

सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा तास या पक्ष्यासाठी राखून ठेवा. तो मुख्यतः सकाळ-संध्याकाळ शिकार करतो आणि दुपारी गवतात शिरून स्वस्थ उभा राहतो. पावसाळा संपल्यापासून मार्चपर्यंतचा काळ सोयीचा. उन्हाळ्यात पाणी आटून मासे थोड्या जागेत कोंडले गेले, की अशा डबक्यांवर तो उघड्यावरही येतो.

आठ किंवा दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरेशी आहे. ऊन पाठीमागे राहील अशी जागा निवडा आणि बसून राहा. चालत शोधणाऱ्यापेक्षा बसून पाहणाऱ्याला हा पक्षी लवकर दिसतो, कारण त्याला हालचाल चटकन कळते. दुर्बीण गवताच्या शेंड्यांवरून फिरवू नका. जिथे खोडे पाण्यात शिरतात, त्या रेषेवरून ती सावकाश न्या. वारा असेल तर आणखी चांगले. पाती डोलत असताना जी उभी रेघ सहसा हलत नाही, तिच्यावर नजर थांबवा. पिवळा डोळा दिसला की पुढचा सगळा पक्षी आपोआप उलगडतो.

कपडे मातकट किंवा गवती रंगाचे घाला. पाणथळीच्या काठावर गाळ फसवा असतो. वरून सुकलेला दिसणारा थर पाय टाकताच खचतो. एकट्याने गाळात उतरू नका, हातात काठी ठेवा, पायांत उंच बूट घाला. अशा गवतात सापही असतात. बांधावरून जायचे असेल, तर शेतमालकाला आधी विचारा. तळ्याकाठचा शेतकरी आणि मच्छीमार यांना पक्ष्यांच्या वेळा आणि जागा ठाऊक असतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याने सकाळ वाचते.

सवयी : काय टिपून घ्यावे

पक्षी सापडला की लगेच पुढे जाऊ नका. पहिली पंधरा मिनिटे काहीच घडत नाही असे वाटेल. तो पाण्याकडे रोखून उभा असतो किंवा एक पाऊल उचलून ते टाकायला कितीतरी वेळ घेतो. शरीर स्थिर ठेवून मान हळूहळू पुढे झुकू लागली, की झेप जवळ आली असे समजा. पाण्यात प्रकाश वाकतो आणि मासा असतो त्यापेक्षा वेगळ्या जागी दिसतो. हा फरक हिशेबात धरूनच बगळे चोच मारतात. नेम प्रत्येक वेळी साधतो असे नाही. किती झेपांत किती वेळा काही मिळाले, याची नोंद ठेवलीत तर तुमच्या तळ्याची स्थिती त्यावरून कळू लागेल.

मासे हे त्याचे मुख्य अन्न, त्यातही बोटभर ते वीतभर लांबीचे. शिवाय बेडूक, पाणकिडे, खेकडे, सरडे, उंदीर, लहान साप आणि क्वचित इतर पक्ष्यांची पिलेही तो खातो. मोठा मासा तो चोचीत फिरवून डोक्याकडून गिळतो, म्हणजे पर आणि काटे घशात अडकत नाहीत.

खाणे झाल्यावरची स्वच्छताही पाहण्यासारखी असते. बगळ्यांच्या अंगावर काही ठिकाणी अशी पिसे असतात, की ती झिजून त्यांची पूड होते. ती पूड पिसांवर पसरली की माशांचा चिकट बुळबुळीतपणा शोषला जातो. मग मधल्या बोटाच्या दातेरी नखाने तो ती विंचरून काढतो. मान वळवून डोके खाजवणारा बगळा दिसला, तर हे नख काम करत असते.

विणीच्या काळात दूर राहा

उत्तर भारतात या पक्ष्याची वीण साधारण जून ते ऑक्टोबर आणि दक्षिणेत नोव्हेंबर ते मार्च या काळात होते. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. त्यामुळे इथे कॅलेंडरवर भिस्त न ठेवता पक्ष्याच्या वागण्यावरून अंदाज घ्या. चोचीत काडी घेऊन जाणारा पक्षी, पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी गवतात उतरणारा पक्षी किंवा आतून येणारा पिलांचा सततचा कलकलाट, यांपैकी काहीही जाणवले तर तिथे घरटी आहेत असे धरून मागे फिरा.

शिकार एकट्याने करणारा हा पक्षी विणीला मात्र इतरांच्या शेजाराने राहतो. उभी पाती वाकवून, त्यांवर काड्या आणि देठ रचून पाण्याच्या वर मंच तयार होतो. काही ठिकाणी पाण्यातल्या झुडपांवर आणि झाडांवरही घरटी असतात. अंडी बहुधा तीन ते पाच, फिकट निळसर हिरवी. नर-मादी आळीपाळीने साधारण २६ दिवस ती उबवतात. पिले उडायला लागेपर्यंत आणखी दीड महिना जातो.

या दोन-अडीच महिन्यांत माणूस गवतात शिरला, तर आईबाप उठून जातात. उघडी अंडी उन्हात तापतात, कावळे आणि भोवत्या ती पळवतात. घाबरलेली पिले घरटे सोडून पात्यांवर चढतात आणि पाण्यात पडतात. एका फोटोची किंमत एवढी असू नये. ड्रोन उडवू नका. पक्षी उडावा म्हणून दगड मारू नका, टाळ्या वाजवू नका. होडीतून जात असाल, तर गवतापासून दूर राहायला आणि इंजिन बंद करायला नावाड्याला सांगा. पक्ष्याने मान उंच करून तुमच्याकडे रोखून पाहिले, तर तुम्ही जास्त जवळ आला आहात. दोन पावले मागे घ्या, तो पुन्हा आपल्या कामाला लागेल. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार या पक्ष्याला मारणे, पकडणे आणि त्याची अंडी किंवा घरटी हलवणे गुन्हा आहे.

नोंद कशी ठेवावी

वहीत तारीख, वेळ, जागा आणि पक्ष्यांची संख्या लिहिताच. जांभळ्या बगळ्यासाठी आणखी चार गोष्टी लिहा : गवत कोणते होते, पाणी किती खोल होते, पक्षी पूर्ण वाढलेला होता की तरुण, आणि तो काय करत होता. पक्षी दिसला नाही, तरी गवताची आणि पाण्याची नोंद करा. काही वर्षांनी तोच पुरावा सर्वांत मोलाचा ठरतो. या नोंदी ई-बर्डवर टाकता येतात. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घेतलात, तर तुमच्या तळ्याची माहिती मोठ्या चित्रात जोडली जाते. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' हाताशी ठेवा.

कड राखली तरच पक्षी राहील

जागतिक पातळीवर जांभळा बगळा धोक्यात आलेल्या पक्ष्यांत गणला जात नाही. पण पाणथळ बिघडली की त्याचे काय होते, हे युरोपात दिसून आले आहे. नेदरलँड्समध्ये वीण करणारे जांभळे बगळे हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतात. साहेल भागात दुष्काळ पडून तिथल्या पाणथळी आटल्या, त्या वर्षांनंतर नेदरलँड्समधली त्यांची संख्या घसरली. हजारो किलोमीटरवरच्या दलदलीचा परिणाम जर असा होतो, तर आपल्याच तळ्याच्या काठाचा किती होईल, हे उघड आहे.

आपल्याकडे मोठे नुकसान सुशोभीकरणातून होते. तळ्याला सिमेंटची भिंत घालायची, फिरायला रस्ता करायचा, काठचे सगळे गवत यंत्राने ओढून काढायचे, आणि मग तळे स्वच्छ झाले म्हणायचे. उभ्या भिंतीला उथळ पाणी उरत नाही आणि उथळ पाण्याशिवाय पाणकणीस उगवत नाही. उन्हाळ्यात गवत पेटवून देण्याने हीच हानी होते.

याचा अर्थ गवताला हातच लावू नये असा नाही. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी काढायलाच हवी. तिने सगळे पाणी झाकले की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे मरतात आणि बगळ्यालाही शिकार उरत नाही. पाणकणीसही सगळीकडे माजले तर मोकळे पाणी संपते. कापणी जरूर करावी, पण टप्प्याटप्प्याने, वीण संपल्याची खात्री करून आणि दरवर्षी मोठा भाग उभा ठेवून. एका बाजूला फिरण्याचा रस्ता केला, तर दुसरी बाजू उताराची आणि गवताची राहू द्यावी.

पाणथळ जागांसाठी २०१७ चे नियम आहेत, पण सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव त्यांच्या व्याख्येत येत नाहीत. महाराष्ट्रात बगळे राहतात ती पुष्कळशी तळी नेमकी अशीच आहेत. म्हणून निर्णय गावात आणि नगरपालिकेत होतो, आणि तिथे बोलणारे माणूस लागते. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. तुमच्या वहीतल्या नोंदी त्या नोंदवहीत जाऊ द्या. सुशोभीकरणाचा विषय ग्रामसभेत किंवा पालिकेत येईल, तेव्हा काठाचा नकाशा घेऊन जा, गवताचा कोणता भाग का राखायचा हे दाखवा आणि तो कामाच्या आराखड्यात लिहून घ्यायला लावा. कंत्राट निघण्याआधी हे करा. यंत्र तळ्यात उतरल्यावर फार उशीर झालेला असतो.